कोतोपाक्सीवरची शेंगापोळी

गार्चिंग, २४ जून

तीर्थस्वरूप हेमूदादा,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. (खरं तर गुडघे वाकत नाहीत म्हणून टेबलावर ठेवलंय, तेवढं पायांवर धरून घ्या.) साखर आटोक्यात आहे ना? सीमावहिनी कानाचं मशीन लावायला लागल्या, की अजून बॅटरी संपेल म्हणून डबीतच ठेवतात? माझी तब्येत उत्तम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मुक्ता, जावई आणि नात सिया सगळे ठीक. इथे उन्हाळा आहे. म्हणजे माझा स्वेटर एकच आहे आणि बाकीच्यांच्या अंगात काहीच नाही.

तुम्हाला पत्र लिहायचं कारण असं की, पत्र मध्येच कट करता येत नाही. तीन वेळा फोन केला, तुम्ही कट केलात. चौथ्या वेळी सीमावहिनींनी घेतला, मागे कुणालातरी काहीतरी विचारलं आणि मला सांगितलं, "हे म्हणतात, मजा करा म्हणावं." बस. त्यानंतर मुक्ताने मोबाईल दाखवला, तर आपल्या कऱ्हाडकर मंडळींच्या ग्रुपवर 'हेमचंद्र यांनी ग्रुप सोडला' अशी ओळ. दादा, तुम्ही माझ्या लग्नातसुद्धा मांडव सोडून गेला होतात, पण जेवणाच्या वेळेला परत आला होतात. या वेळी आठवडा झाला. पंधरा जुलैला यमुनाचं वर्षश्राद्ध आहे आणि तिचा एकुलता एक भाऊ माझ्याशी बोलत नाही, ही गोष्ट मला रोज सकाळी दात घासताना आठवते.

तुमचा राग ग्रुपवरच्या त्या फोटोचा आहे, हे कळायला शाळा लागत नाही. बहिणीचं वर्ष सरलेलं नाही, घरात सण नाही, तोरण नाही, आणि दाजी परक्या देशात लाल टोपी घालून लामा नावाच्या जनावराच्या गळ्यात हात टाकून हसतायत. कुणालाही राग येईल. मला स्वतःला आला. पण दादा, मी हसत नव्हतो. तो फोटो चार हजार मीटरवरचा आहे. तिथे मला तोंड मिटून श्वास घेता येत नव्हता. धाप लागलेला माणूस आणि खिदळणारा माणूस फोटोत अगदी सारखे दिसतात, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. आणि गळ्यात हात टाकला होता तो आधारासाठी. (जनावर चांगलं होतं. हललं नाही. थुंकलं, पण दुसऱ्यावर.)

आता मी तिथे गेलोच का, ते सांगतो. यमुनाने विट्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी सहावीला ज्वालामुखी यायचा, आणि दरवर्षी ती फळ्यावर त्याचा उभा छेद काढायची, लाल खडू, पिवळा खडू, बाजूने बाण. परसात मातीचा डोंगर करून त्यात सोडा आणि व्हिनेगर ओतायची. एकदा तो लाव्हा माझ्याकडे वायंडिंग भरायला आलेल्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीवर गेला आणि मोटर मला दुसऱ्यांदा भरून द्यावी लागली. पोरांना वाटायचं, बाईंनी ज्वालामुखी बघितलाय. बाईंनी महाबळेश्वर बघितलं होतं. एका वहीत तिने जायच्या जागा लिहून ठेवल्या होत्या, त्यात पहिलंच नाव क्वितो: उंची २८५० मीटर, स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं शहर, भोवती ज्वालामुखी, दक्षिणेला कोतोपाक्सी. मुक्ताने तिला नेईन म्हणून शब्द दिला होता. मग आषाढ आला आणि वीस मिनिटांत सगळं संपलं, ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही होतात.

या मे महिन्यात मी इकडे आलो, तेव्हा मुक्ता म्हणाली, बाबा, सियाच्या सुट्टीत जाऊ या, आईच्या वहीतलं बघून येऊ. मी म्हटलं, वर्ष होऊ दे. ती म्हणाली, "वर्ष झाल्यावर मला जमणार नाही, बाबा. आत्ता अजून वाटतंय की तिच्यासाठी चाललोय." मी स्वेटर बॅगेत भरला. यावर काही बोलणं तुम्हाला सुचलं असतं, तर तुम्ही तिथे हवे होतात.

जावई, फ्लोरियान, मूळचा बव्हेरियातला. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याला टेर्मीनशिवाय काही करता येत नाही. टेर्मीन म्हणजे ठरवून घेतलेली वेळ. इथे डॉक्टरचा टेर्मीन, न्हाव्याचा टेर्मीन, शेजाऱ्याकडे चहाला जायचाही टेर्मीन. त्याने सहलीचा तक्ता केला होता, त्यात सोमवारी साडेदहाला 'कोतोपाक्सी, दर्शन' असं छापलेलं. डोंगराला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

क्वितो हे शहर म्हणजे डोंगराच्या कुशीत लांबलचक ताणून निजवल्यासारखं. चढ असे की रस्ता नाकाला लागतो. दर वीस पावलांना मी थांबायचो आणि काहीतरी बघतोय असं दाखवायचो, त्यामुळे मी इतरांपेक्षा जास्त शहर बघितलं. एका देवळात (चर्चच, पण आतून इतकं सोन्याने मढवलेलं की देऊळच म्हणावंसं वाटतं) मी सवयीने बूट दारात काढून आत गेलो. बाहेर आलो तर माझ्या बुटांशेजारी एका जपानी नवराबायकोनेही काढून ठेवलेले. दुसऱ्या चर्चवर एरवीच्या दगडी राक्षसांच्या जागी भिंतीतून कासवं आणि सरडे डोकावत होते. यमुना असती तर तिथेच तास घेतला असता. विषुववृत्ताच्या स्मारकाजवळ लोक एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे टाकून फोटो काढत होते. यमुनाच्या वहीत लिहिलं होतं की खरी रेषा तिथून जवळजवळ अडीचशे मीटर लांब आहे. मी गाईडला, रोसाबाईंना, हे मुक्तामार्फत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भूगोलात पास झालो, तेही कॉपी करून.

आणि कोतोपाक्सी? दादा, चार दिवस तो ढगातून बाहेर आला नाही. मुलगी बघायला जावं आणि मुलीने माजघरातून बाहेरच येऊ नये, तशी गत. हॉटेलवाला रोज खिडकीबाहेरच्या पांढऱ्या धुक्याकडे बोट करून सांगायचा, आहे, तिथेच आहे. सोमवार उजाडला तरी तेच. फ्लोरियानने तक्ता घडी घालून खिशात ठेवला. त्याच्याकडून एवढं होणं म्हणजे आपल्याकडे माणसाने डोक्यावरचं पागोटं उतरवण्यासारखं आहे.

तरी निघालो. कारण सोमवारी ज्येष्ठ वद्य पंचमी होती, यमुनाचं अकरावं मासिक. दर महिन्याच्या पंचमीला मी तिच्या नावाने शेंगापोळी करतो, हे तुम्हाला सांगितलेलं नाही. मोबाईलवर बघून शिकलो. पहिल्या महिन्यात सारण फुटून तव्यावर गेलं, तिसऱ्यापासून जमायला लागली. नऊ वेळा विट्यात केली, एकदा इथे, आणि अकराव्यांदा इथून डब्यात घालून नेली. (विमानतळावरच्या बाईने हुंगून बघितली आणि सोडली. तिळाचा वास तिला आवडला असणार.) म्हटलं, ताट मांडायचंच आहे, तर तिने लिहून ठेवलेल्या डोंगरावर मांडू. माझ्या डोक्यात तो दिवस फार सुंदर होता.

गाडी साडेचार हजार मीटरवर सोडते. तिथून वर एक दगडी निवारा आहे, आणि तिथवर नुसती राख. काळीतांबडी भुसभुशीत राख, दोन पावलं टाकावीत आणि एक मागे यावं. रोसाबाई पुढे, मग सिया, मग आम्ही. सिया अकरा वर्षांची. मी मराठीत बोललेलं तिला सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. सारखी मागे वळून "लांगसाम, आजोबा, लांगसाम!" म्हणजे हळू. मी म्हटलं, बाळ, याहून हळू म्हणजे बसणंच. ती खाली आली, माझा डबा स्वतःच्या पाठीवर घेतला आणि माझ्या पुढे चालायला लागली. तासाचा रस्ता आम्ही दोन तासांत केला.

निवाऱ्याबाहेर एका दगडाच्या आडोशाला मी रुमाल अंथरला, त्यावर पोळी ठेवली, तुपाची छोटी बाटली रिकामी केली. डोंगर दिसत नव्हताच. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "घे गं, तुझ्या आवडीची." तेवढ्यात धुक्यातून एक कोल्हा आला. तिथे असतात म्हणे, माणसाला सरावलेले. पोळीपाशी आला. माझ्या मनात जे आलं ते तुमच्याही मनात आलं असतं, मी लिहीत नाही. त्याने हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. रोसाबाई माझ्यावर ओरडल्या, इथे जनावरांना खायला घालायचं नाही अशी पाटी आहे म्हणून. फ्लोरियान त्यांची माफी मागत होता. या गडबडीत मुक्ता माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आईला शेंगदाणे चालायचे नाहीत. पित्त उठायचं. शेंगापोळी तुम्हाला आवडते."

दादा, मी भांडलो. म्हटलं, कसं शक्य आहे, शेहेचाळीस वर्षं संक्रांतीला करत होती. मुक्ता म्हणाली, करत होती, बाबा. मग मी आठवायला लागलो की ती खाताना मला दिसली आहे का. आठवलं ते असं की, ती वाढताना दिसते. सगळ्यांचं झाल्यावर ताट घेऊन ओट्यापाशी उभी दिसते. ताटात काय आहे ते दिसत नाही. मी मुक्ताला विचारलं, "मग तिला काय आवडायचं?" एवढी शिकलेली पोर, प्रयोगशाळेत पन्नास माणसं हाताखाली, आणि तिला उत्तर येत नव्हतं. शेवटी म्हणाली, "आईला सगळंच आवडायचं," आणि रडायला लागली. सिया आईकडे बघत राहिली. पोळी डब्यात घातली आणि खाली आलो. उतरताना कुणी कुणाला हळू म्हणालं नाही.

तर अशी मजा केली. ही हकीकत वाचून राग जाईल असं नाही, पण निदान योग्य गोष्टीचा राग धरा. टोपीचा धरू नका, टोपी सियाची होती. सीमावहिनींना नमस्कार सांगा, मशीन लावलेलं असताना.

रागावलेले असलात तरी माझे तुम्हीच, आणि नसलात तरीही,
तुमचा
हरीश

ता. क. सहा जुलैला मी आणि मुक्ता विट्याला पोचतो. गुरुजींना मी सांगितलंय. तुम्ही आलात तर पहिल्या पानावर तुम्ही, नाही आलात तरी ते पान मांडणार.

ता. क. पुन्हा. वरचं सगळं लिहिलं ते खरं म्हणजे एवढं विचारण्यासाठी. श्राद्धाला तिच्या आवडीचं करतात. ती माझ्या घरी येण्याआधी बावीस वर्षं तुमच्या घरी होती, तुम्ही दोघं एका ताटात जेवत होतात असं तीच सांगायची. लहानपणी ती काय मागून घ्यायची? कशासाठी तुमच्याशी भांडायची? बोलायचं नसेल तर बोलू नका, कार्डावर नुसतं पदार्थाचं नाव लिहून विट्याच्या पत्त्यावर टाका. खाली सही नको, मी अक्षर ओळखतो.

ता. क. शेवटचा. आणि दादा, आठवून आठवून तुम्हालाही सापडलं नाही, तर तसंच लिहा. मग मात्र याच. पंधरा तारखेला दोघं शेजारी बसून खाली मान घालू.