सेल तीन, तारा चार

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकतो तितकाच). ऑपरेशन केलेल्या डोळ्याने आता नीट दिसतं का आणि वहिनींचा खोकला थांबला का, ते कळव. आम्ही सगळे बरे आहोत. बोट कशी आहे असं तू दोनदा विचारलंस. त्याकडे येतोच, पण आधी बॅटरीवाल्याचा प्रताप ऐक.

तीन वर्षं खपून तू केलेली ती रिमोटची बोट, तू परत येईपर्यंत दर रविवारी तळ्यात फिरवायची आणि जिवापाड जपायची, एवढंच माझं काम होतं, हे मी विसरलेलो नाही. जुन्या बॅटरीने मान टाकली म्हणून नवी आणली. तिच्यावर छापलं होतं ११.१ व्होल्ट. एकतीस वर्षं वजनमापं तपासलेला माणूस छापील आकड्यावर विसंबत नाही. पूर्ण चार्ज करून मीटर लावला, तर १२.६! सबंध नोकरीत कमी देणारे शेकड्याने पकडले, पण न मागता जास्त देणारा हा पहिलाच. (कमी देणाऱ्याचा हेतू तरी कळतो.) तडक दुकान गाठलं.

दुकानदार थंडपणे म्हणाला, "काका, आत तीन सेल आहेत. एकेक सेल पूर्ण भरला की ४.२, आणि वापरात सरासरी ३.७. छापतात ती सरासरी." सरासरी! दूधवाल्याने मला असं सांगितलं असतं तर त्याचं माप जप्त केलं असतं. तरी गप्प राहिलो, कारण बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या प्लगच्या तारा मोजत होतो. चार निघाल्या. सेल तीन आणि तारा चार, म्हणजे एक सेल कुणीतरी हडप केला! त्यावर त्याचं म्हणणं, चार खांबांमध्ये तीनच गाळे बसतात ना, तसंच हे. उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय पक्का झाला. हट्टाने चार सेलचीच बॅटरी घेऊन आलो. (तिला पाच तारा आहेत हे घरी आल्यावर मोजलं.)

रविवारी बोट सोडली. दादा, काय पळाली! बदकं पांगली, बाकांवरचे पेन्शनर उठून उभे राहिले. तू इथे हवा होतास, असं अगदी मनापासून वाटलं. हे सगळं अर्धं मिनिट. मग तळ्याच्या मध्यावर ती थांबली आणि झाकणाच्या फटीतून धूर यायला लागला. मी पँट दुमडून आत शिरलो. (पाण्याची खोली गुडघाभर, असं पाटीवर लिहिलंय. ती छातीभर निघाली. पाटीचीही तक्रार केली आहे.)

लाकूड शाबूत आहे. आतला स्पीड कंट्रोलर मात्र जळून कोळसा झाला. तो तीन सेलपुरताच होता म्हणे, चार भरलेल्या सेलचे १६.८ व्होल्ट त्याला झेपले नाहीत.

तुझा,
धाकटा

ता. क. : तू यायच्या आत गुपचूप दुरुस्त करणार होतो. जमत नाही. येताना कंट्रोलर घेऊन ये, आणि रागावू नकोस.

ता. क. २ : आत्ता झाकण आतून पुसलं. काजळीखाली तुझं अक्षर निघालं : 'तीनच सेल. धाकट्या, चार लावू नकोस.' आणि त्यावर वॉर्निश! म्हणजे बोट माझ्या हाती देण्याच्या कितीतरी आधी लिहिलेलं. दादा, सख्ख्या भावावर इतका संशय?