बाल्कनीतली वायर

२६ ऑक्टोबर, रविवार
ज्ञानदा काल डब्लिनला परत गेली. जाताना तिच्या खोलीतल्या टीव्हीला गेमचा कन्सोल जोडून गेली. म्हणाली, बाबा, फोनवर तुम्ही ‘जेवलीस का’ आणि ‘थंडी आहे का’ एवढंच विचारता आणि फोन आईकडे देता. दर रविवारी सहा वाजता आपण दोघं खेळू. खेळता खेळता बोलाल तरी.
मी दोनच प्रश्न विचारतो हे साफ खोटं आहे. जूनमध्ये ‘छत्री आहे का’ असंही विचारलं होतं.
खेळ सोपा. एक होडी, दोघांनी वल्हवायची. डावं वल्हं माझं, उजवं तिचं. कानाला हेडफोन.
संकल्प : दर रविवारी लेकीशी एक तास मनमोकळ्या गप्पा. विषयांची यादी करणे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
वाय-फायवर माझा विश्वास नाही. हवेतून कधी काही धड आलंय? वायर ती वायर. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली आहेत. विनया बायको असून म्हणाली, आवक-जावक रजिस्टरवर काढलीत. रजिस्टर टेलिफोनचंच होतं ना!
राऊटर हॉलमध्ये, कन्सोल ज्ञानदाच्या खोलीत. मधल्या भिंतीला भोक पाडलंत तर बघा, असं विनयाने बजावलं. म्हणून हॉलच्या खिडकीतून बाल्कनी, आणि बाल्कनीतून खोलीची खिडकी. वायर अशी ताणून बांधली की कुणी त्यावर डोंबाऱ्यासारखं चालून दाखवावं. राऊटरकडच्या पिनेचा बारीक खटका बसवताना तुटला. त्याला तसं काही काम नसतं.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळ
स्कूटरवरून पाचूबंदरला जाऊन ओले बोंबील आणले. बाजारातल्या सुक्या बोंबलांत रेती फार, म्हणून आपण घरीच वाळवतो. गच्चीवर सोसायटीची नोटीस आहे. विनया म्हणते, माझ्या कपड्यांच्या दोरीला एक जरी बोंबील लागला तर मी दोरीसकट माहेरी जाईन. मग नजर गेली नव्या वायरीवर. आयती ताणलेली! तोंडात तोंड अडकवून चाळीस बोंबील जोडीजोडीने टांगले. एका वायरीत दोन कामं. याला डोकं लागतं.

संध्याकाळ
६.०० कनेक्शन लागलं. ६.०४ गेलं. माझं वल्हं बंद, तिचं चालू, होडी जागच्या जागी गोल गोल. ज्ञानदाचा फोन आला. राऊटरचा कुठला दिवा पेटलाय? कन्सोल बंद करून चालू केलात का? पस्तीस मिनिटं हेच. यादीतल्या एकाही विषयाला हात लागला नाही. चरफडलो.

५ नोव्हेंबर, बुधवार
बोंबील काल उतरवले. कुरकुरीत. आज पिना दाबून नेट तपासलं तर ठणठणीत. म्हणजे दोष डब्लिनचा.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी बोंबील टांगले (छत्तीस). ६.०७ ला नेट गेलं. गेल्या खेपेपेक्षा तीन मिनिटं जास्त टिकलं, म्हणजे माझ्या उपायांना गुण येतोय.
ज्ञानदाचा फोन. मी राऊटरच्या भोकात फुंकर मारल्याचं सांगितलं तर ती हसत सुटली. हसू थांबेना. मग म्हणाली, तिच्या खोलीतला हीटर बिघडला होता तेव्हा तिनेपण आधी फुंकरच मारली. मग तो तिने स्वतः कसा उघडला, कुठला स्क्रू कुठे गेला, ते सगळं सांगितलं. मी म्हटलं, शाबास, रक्तात आहे. पन्नास मिनिटं झाली. फोन तापला.
विषय नुसते बिघाडाचे, तेव्हा याला गप्पा म्हणता येणार नाही. रविवार वाया.

१२ नोव्हेंबर, बुधवार
नेटवाल्यांकडे तक्रार केली. विनी नावाची मुलगी आली, पाठीला बॅग, कमरेला टेस्टर. तपासून म्हणाली, अंकल, लाइन एकदम ओके आहे. मग नाक मुरडून म्हणाली, इथे काही सुकवता का? मी सांगितलं, छे, शेजारच्या क्लेमेंटीनबाईंकडून वास येतो. क्लेमेंटीनबाई तेव्हा आमच्याच दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, सदानंदभाऊ, माझ्या घरात आज भोपळा शिजलाय.
मुलीला अनुभव कमी. बुधवारी येऊन रविवारचा बिघाड कसा सापडणार?

१६ नोव्हेंबर, रविवार
६.०२!! दोन मिनिटं! त्यात बाल्कनीत कावळ्यांनी उच्छाद मांडलेला. अख्खी फौज वायरीवर बसून बोंबील ओढत होती. त्यांना हाकलण्यात वेळ गेला, म्हणून नेट का जातंय ते बघायला सवडच मिळाली नाही.
फोनवर ज्ञानदाला कावळे ऐकू गेले. तो लंगडा अजून येतो का, असं विचारलं. शाळेत असताना ती त्याला पोळी घालायची. तो केव्हाच गेला असणार, पण मी म्हटलं, येतो. ती म्हणाली, इथे नुसते समुद्रपक्षी ओरडतात बाबा, कावळ्याचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. मग तिचा आवाज कापरा झाला. मी म्हटलं, आपण केबलच बदलून टाकू.

१९ नोव्हेंबर, बुधवार
संकल्प : येत्या रविवारी काहीही करून नेट टिकवायचं. मग तिच्याशी खरं बोलता येईल. या वायरीपायी माझ्या पोटातलं पोटातच राहतंय. नेटवाल्यांना खडसावलं : बिघाड रविवारी संध्याकाळी होतो, माणूस रविवारी संध्याकाळी पाठवा.

२३ नोव्हेंबर, रविवार
पाच वाजता नेटवाल्यांची विनी आली. या खेपेला थेट बाल्कनीचं दार उघडलं. बेचाळीस बोंबील. तिने वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. मग हॉलमध्ये येऊन राऊटर दाखवला. खटका नसल्याने वजनाने वायर ओढली जाऊन पिन अर्धी बाहेर आली होती. वर कावळा बसला की उरलेली अर्धी. म्हणाली, अंकल, ही नेटची लाइन आहे की मासळी बाजाराची? विनया इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.
मी म्हटलं, मला पहिल्यापासून बोंबलांवरच संशय होता.
विनीने बोंबील पाटीत काढले, नवी पिन मारली, खटका टक्कन बसवून दाखवला.
६.०० लागलं. ६.१० चालू. ६.३० चालू. आवाज इतका स्वच्छ, की ज्ञानदा शेजारच्या खोलीत बसल्यासारखी.
यादी काढली. विचारलं, जेवलीस का? हो म्हणाली. थंडी आहे का? आहे म्हणाली. ऑफिस? ठीक. मग दोन्ही वल्ह्यांची छपछप. मी घसा खाकरला. तिने विचारलं, काही म्हणालात का? मी म्हटलं, नाही. परत छपछप.
६.४० ला होडी पलीकडच्या काठाला लागली. टीव्हीवर फटाके उडाले. ती म्हणाली, झालं की बाबा. आईला देता का?

२६ नोव्हेंबर, बुधवार
नेट ठणठणीत. कालपासून जेवण जात नाही. पित्त असेल.
विनया म्हणाली, लेकीला सांगा की तिच्याशिवाय करमत नाही, तीन शब्दांचं काम. मी म्हटलं, हेडफोनचा माइक जरा दबका आहे.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळ
पाचूबंदर. बोंबील पन्नास. विनया आज आपणहून म्हणाली, घ्या माझी दोरी, टांगा तिच्यावर. नको म्हटलं. वायरीवरच टांगले. केवळ चाचणी म्हणून. एका माणसाच्या सांगण्यावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. राऊटरकडच्या नव्या पिनेचा खटका जरा कडक वाटत होता, तो मोडून घेतला.

संध्याकाळ
६.०० लागलं. ६.०५ ला गेलं.
६.०६ ला ज्ञानदाचा फोन. गेलं का बाबा? मी म्हटलं, गेलं.
ती म्हणाली, आईने सकाळी फोटो पाठवलाय, पन्नास आहेत ना?
मी म्हटलं, कसला फोटो? तुझ्या आईला फोन नीट वापरता येत नाही.
मला वाटलं, आता ठेवते. फोन कानाला घट्ट दाबला.
मग नाक ओढल्यासारखा आवाज आला, आणि ती म्हणाली, बरं बाबा, खुर्ची घ्या आणि राऊटरसमोर बसा. आज अजिबात घाई नाही. पहिल्या दिव्यापासून सुरू करू.