अकोल्याहून दिसणारा गाळा

८ एप्रिल, अकोला

कॅमेरा चालतोय. एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर पंख्याखाली बसलेय आणि मोबाइलवर साकीनाक्याचा माझा गाळा दिसतोय — शिलाई मशिनी, दप्तरांचा ढीग, खाली बसून धागे कापणारी सोनूबाई. आवाज येत नाही, नुसतं चित्र. निघायच्या आदल्या दिवशी प्रीतम इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला, पोटमाळ्याच्या कोपऱ्यात, कापडाच्या ताग्यांआड.

कुणाला सांगितलं नाही. बायकांना नाही, नवऱ्याला, प्रबुद्धलाही नाही. गेल्या वर्षी मी अशीच दुकानदारांकडे फिरायला बाहेर पडले तेव्हा मागे अर्ध्या दप्तरांना उलट्या चेनी लागल्या. शाळा उघडायच्या आधीचे हे दिवसच आमच्या धंद्याचे. ते हातचे गेले की वर्षभर बसा. म्हणून बसवला.

पण मघाशी सोनूबाईने पदराने मान पुसली, ब्लाउजमधून तंबाखूची पुडी काढली, इकडेतिकडे बघितलं — आणि मी पटकन स्क्रीन बंद केली. गाळ्यात एकच मशिन होती तेव्हापासून आहे ती माझ्याकडे. तिला चोरून बघायचं?

९ एप्रिल, अकोला

दोन दुकानं पटली. एकाला सॅम्पलचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, त्याने तिथल्या तिथे रंग निवडले, मी त्याच्या दुकानाच्या पायरीवरूनच कापडवाल्याला ऑर्डर दिली. असं चाललं तर झकास.

दुपारी उसाचा रस पिता पिता कॅमेरा उघडला. गाळ्यात प्रबुद्ध बसला होता.

ऑफिसला जाता जाता गाळा उघडून द्यायचा आणि संध्याकाळी कुलूप लावायचं, एवढंच आमचं ठरलंय. भर दुपारी तो अंधेरीला कंपनीच्या स्टोअर्समध्ये असायला हवा. लग्नाच्या आधीपासून तिथे आहे. ताप असला तरी जातो.

सोनूबाईला काही द्यायला आला असेल.

१० एप्रिल

काही द्यायला आला नव्हता. आजही आहे. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड. स्टुलावर बसून भिंतीकडे बघत डबा खाल्ला.

फोन केला. स्पीकर लावला आणि तो खिशातून फोन काढताना बघितला.

"कुठे आहेस रे?"

"ऑफिसात. मग कुठे असणार?"

"जेवलास?"

"जेवलो ना. तुझं कसं चाललंय? उन्हात जास्त फिरू नकोस."

बोलताना हसला. फोन ठेवला, आणि मग चेहरा दोन्ही हातांत धरून किती तरी वेळ तसाच बसला. मशिनीवरच्या बायकांनी माना वर केल्या नाहीत. म्हणजे त्यांना सवय झाली होती. म्हणजे मी निघाल्यापासून तो रोज इथेच बसतोय.

नोकरी गेली. दुसरं काय असणार.

विचारायला हवं होतं. पण विचारू कसं? "तुला कसं कळलं?" म्हणाला तर काय सांगू — चोरून बघतेय म्हणून? तो खोटं बोलत होता आणि मी त्याचं खोटं बघत बसले होते. जास्त वाईट कोण?

११ एप्रिल, वाशीम

आज एकच दुकान झालं. बाकी वेळ रसवंतीत, झाडाखाली, एसटीत — हातात मोबाइल. चार्जिंग संपलं की पॉवर बँक.

सोनूबाईने आज त्याच्या मांडीवर एक दप्तर ठेवलं आणि हातात कात्री दिली. काहीतरी बोलली. तो धागे कापायला लागला. गळ्यातलं कार्ड मधे मधे येत होतं. त्याने ते काढून शर्टाच्या खिशात ठेवलं.

मी त्याची बायको. आणि त्याच्या हातात कात्री देणारी सोनूबाई.

१२ एप्रिल, वाशीम

आज जे केलं ते कुणाला सांगायची सोय नाही. इथे लिहिते.

मोठं दुकान होतं. मालकाने दप्तर आतून-बाहेरून तपासलं आणि म्हणाला, "माल तुमचाच कशावरून? कुठूनतरी आणून स्वतःचं लेबल लावणारे रोज चार येतात, मॅडम." मी तावातावाने कॅमेरा उघडला. "हा बघा माझा गाळा. आत्ता, या मिनिटाला काम चालू आहे."

त्याने मोबाइल हातात घेतला. मशिनी बघितल्या, बायका बघितल्या. मग विचारलं, "हे गृहस्थ कोण? खाली बसलेले?"

प्रबुद्ध. शर्टाच्या बाह्या दुमडून, पाय पसरून, मांडीवर दप्तर.

"ते हेल्पर आहेत," मी म्हणाले.

किती सहज म्हणाले! अडखळले पण नाही. मालक खूश झाला. एवढी मोठी ऑर्डर या दौऱ्यात दुसरी मिळाली नाही. बाहेर येऊन प्रबुद्धला मेसेज केला, "वाशीम जिंकलं." कॅमेऱ्यात त्याने मेसेज वाचला, सोनूबाईला दाखवला. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही.

मला जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल, हिंगोली

सोनूबाईला फोन केला. आडून आडून विचारलं, साहेब फिरकतात का गाळ्यावर?

"येतात."

"दुपारचे पण?"

ती म्हणाली, "ताई, नवऱ्याचं नवऱ्याला विचारा. मला मधे घालू नका."

खरंय तिचं.

१४ एप्रिल, नांदेड

जयंतीला घरापासून लांब राहायची ही पहिलीच वेळ. इथे रस्ताभर निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पण कुणी ओळखीचं नाही. एका विहारात वंदनेला बसले, खीर घेतली, बाहेर पडले. धंद्याच्या नादात आजचा दिवससुद्धा दुसऱ्या गावात काढला.

गाळा आज बंद. तरी सवयीने कॅमेरा उघडला. रिकामं स्टूल.

संध्याकाळी जोगेश्वरीहून व्हिडिओ कॉल आला. सासऱ्यांनी, भाऊराव बाबांनी, लावला होता. मागे वस्तीतला मंडप, शेजारीपाजारी. बाबांनी आयुष्य गोदीत रोजंदारीवर काढलं. लेकाच्या कायम नोकरीचं त्यांना केवढं! म्हणाले, "दर्शना, ऐक. मंडळाने यंदा प्रबुद्धचं नाव टाकलंय. वस्तीतल्या पोरांना नोकरीवर दोन शब्द सांगणार आहे तो. थांब, देतो त्याला."

प्रबुद्धचा चेहरा पूर्ण स्क्रीनभर आला. पांढरा सदरा. इतके दिवस वरून नुसतं डोकं आणि खांदे दिसायचे. आज डोळे दिसले. माझ्याकडे बघत राहिला. मी एक शब्द बोलले असते ना, त्याचा बांध फुटला असता, तिथेच, सगळ्यांसमोर.

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये रे," मी म्हणाले आणि कॉल कापला.

आवाज स्वच्छ येत होता.

१५ एप्रिल, नांदेड

प्रबुद्ध मशिनीवर बसला! सोनूबाई शेजारी उभी. त्याने पट्टा शिवला, तिने उसवला. परत शिवला, परत उसवला. तिसऱ्यांदा तिने मान हलवली आणि पट्टा बाकीच्या ढिगात टाकला. तो हसला. फोनवर हसतो तसं नाही, खरं.

मीही हसले, दुकानदाराच्या बाकावर बसून एकटीच. दुकानदार म्हणाला, "काय मॅडम, नातवंडं का?" आणि मला एकदम लाज वाटली. तो शिकत होता ते मला दाखवायला नव्हे. आपण कुणाला दिसत नाही, असं समजून चुकत होता बिचारा. आणि मी सिनेमा बघितल्यासारखी बघत होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "प्रबुद्ध, मला माहीत आहे." पुसलं. "घरी आले की बोलू." तेही पुसलं. शेवटी पाठवलं, "पट्ट्यांचं पार्सल आलं का?"

"आलं," त्याचं लगेच उत्तर. "तू कधी येतेस?"

१६ एप्रिल, जोगेश्वरी

सकाळी बसमधून उतरले. न्यायला आला होता. माझी बॅग त्याने घेतली, सॅम्पलची पिशवीही ओढून घेतली. रिक्षात मी वाशीमबद्दल बोलत राहिले, हिंगोलीबद्दल, उन्हाबद्दल. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "दर्शना." मी म्हणाले, "काय रे?" म्हणाला, "काही नाही. दमली असशील."

घरी बाबांनी चहा टाकला होता. प्रबुद्धने आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, कार्ड गळ्यात अडकवलं. मी डबा भरून दिला. दारात म्हणाला, "निघतो मग ऑफिसला."

बाबा समोर होते. "जा सांभाळून," मी म्हणाले.

दिवसभर कॅमेरा उघडला नाही. म्हणजे आता खूप चांगली झाले असं नाही. घरातल्या घरात बघायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी बाबा खाली गेले होते, आम्ही दोघंच होतो. तो तांदूळ निवडत होता. मी तेव्हाही नाही बोलले. मला त्याच्या खोट्याची भीती नाही. माझी वाटते.

उद्या मी गाळ्यावर जाणार. काही झालं तरी.

१७ एप्रिल

गाळ्यावर प्रबुद्ध मशिनीवरच होता. बायका जेवायला बाहेर गेल्यावर त्याला सांगितलं. पोटमाळ्याकडे बोट दाखवून. "तिथे कॅमेरा आहे. मी सगळं बघत होते."

त्याने मशिन थांबवली नाही. शिवण पूर्ण केली, धागा कापला.

"माहीत आहे," म्हणाला. "स्टोअर्समध्ये जन्म कॅमेऱ्याखालीच काढला गं मी. पहिल्याच दिवशी दिसला. घरी बाबांसमोर तोंड उघडत नव्हतं, फोनवरही नाही उघडलं. म्हटलं, जिथून तुला दिसेल तिथे बसू. दिसलं की विचारशील."