वाकडं घराणं

१२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी बूड टेक, मग वाच. मला नोकरी लागली. कुंभार म्हणून.

हसून झालं की पुढे ये. गेलो होतो तिकीटखिडकीवरच्या जागेसाठी. इथे 'जागतिक पारंपरिक कुंभारकला केंद्र' नावाचं नवं प्रस्थ उभं राहिलंय. संचालिकाबाईंनी सहज विचारलं, घरी कोण काय करतं. मी म्हटलं, आत्या मातीची भांडी करते, आजोबाही मातीतच होते. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तिकिटं कोणीही फाडेल, रक्तातली माती कुठून आणायची? आजोबा सांडपाण्याचे पाइप करायचे हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि 'जलवाहिनीची साधना' असं काहीतरी टिपून घेतलं. आता माझ्या दालनावर पाटी आहे : अखंड परंपरेचा वारस.

दालनं पुष्कळ आहेत. एक गृहस्थ फुटलेली भांडी सोन्याच्या रेघेनं सांधतात. फुटलेली पुरत नाहीत, म्हणून सकाळी एक माणूस नवी कोरी भांडी फोडून देतो. एक आजी धुरात भाजून काळीभोर भांडी करतात, पण खऱ्या धुरानं आगीचा भोंगा वाजतो. म्हणून त्यांच्यामागे नाटकातला धूर सोडतात आणि काळी भांडी मागच्या दारानं येतात. निळ्या नक्षीवाली बाई मात्र खरीच रंगवते. तिच्यापुढे फारसं कोणी थांबत नाही.

आता मुद्द्याचं. गोळा चाकाच्या मधोमध कसा आणायचा? तू इतकी वर्षं कानीकपाळी ओरडलीस हे खरं, पण तेव्हा मी ऐकत नव्हतो. आतोबांना नमस्कार. राग आला असेल तर त्यालाही माझा नमस्कार सांग.

तुझा,
भिंगऱ्या

२० जानेवारी

चि. भिंगऱ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. हे भट्टीत कुंड्या रचत होते. इतके हसले की एक कुंडी हातातून सुटली. ती सोन्यानं सांधणाऱ्या गृहस्थांकडे पाठवू का, असं विचारतायत.

नीट ऐक. कोपरं मांड्यांवर टेकव. हात हलले तर माती हलणारच. गोळ्याशी मारामारी करू नकोस; तू नुसता स्थिर राहा, तो दमून मध्यावर येतो. आणि पाणी कमी घे. तू भांडं करायला बसलास की करतोयस की धुतोयस तेच कळायचं नाही.

तुझ्या त्या सुरईला दातदुखी झालीय असं मी गिऱ्हाइकासमोर म्हटलं, म्हणून तू घर सोडून गेलास. आजही माझं तेच म्हणणं आहे. तिचा एक गाल सुजलेलाच होता.

इकडे रोपवाटिकेची कुंड्यांची मागणी तेवढी टिकून आहे. माझे हात जरा कुरकुरतात, थंडीमुळे असेल. वारस झालायस तर नखं काप.

आम्हा दोघांची माया आहेच, ती तुझ्या पाटीवर अवलंबून नाही.

तुझी,
आत्या

५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घडलं ते तसंच्या तसं लिहितो, तिखटमीठ लावायची गरजच पडत नाही.

परवा केंद्राचं उद्घाटन झालं. पुढच्या रांगेत एक मोठे समीक्षक, शेजारी संचालिकाबाई, मागे दाटीवाटीनं माणसं. मी कोपरं मांड्यांवर टेकवली, तुझं नाव घेतलं आणि चाक सुरू केलं. गोळा मध्यावर आल्यासारखा वाटला. घडा वर चढायला लागला. तेवढ्यात मला शिंक आली. घड्याची उजवी बाजू बसली, गळा डावीकडे गेला आणि सगळं प्रकरण एखाद्या पेंगणाऱ्या माणसासारखं कलंडलं. मी मनातल्या मनात तिकीटखिडकीवर जाऊन बसलो होतो.

समीक्षक उठले. चाकाभोवती फिरले. पाणावलेल्या डोळ्यांनी म्हणाले की ह्या घड्यानं उभं राहायला नकार दिलाय. टाळ्या थांबेनात. त्यांनी विचारलं, हा झोल किती पिढ्यांचा? मी खरं तेच सांगितलं, की माझ्यापासूनच सुरू झाला. त्यावर ते म्हणाले की नम्रता पाहा.

आता ह्याला 'वाकडं घराणं' असं नाव पडलंय. मोठमोठ्या हॉटेलांना आणि बंगल्यांना माझे घडे हवेत. पाणी भरलं तर ते आडवे होतात, पण त्यांत कोणी पाणी भरत नाही. मागणी माझ्या हाताबाहेर गेलीय. तू थोडे करून पाठवशील? तुझ्या हाताला ते कितीसं अवघड?

लोभ आहे तसाच राहू दे, सरळ.

तुझा,
भिंगऱ्या

२२ मार्च

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद. धपाटा उधार.

तुझं काम अंगावर घेतलं आणि पस्तावले. पहिला घडा कललेला केला, तर तो चारी बाजूंनी सारखाच कलला. हे म्हणाले, छान डौल आलाय. दुसऱ्याला ओला असतानाच चापट मारली. माझ्या हातानं आपोआप दुसऱ्या बाजूनंही मारली आणि त्याला झकास कंबर आली. तिसऱ्याला डोळे मिटून बसले. तो सगळ्यांत सरळ आला. शेवटी ओल्या घड्यांची फळी स्टुलावर ठेवली होती, तिच्यावर हे न बघता बसले. एवढं एक भांडं तुमच्या घराण्यात शोभेल. त्याला वेगळं गुंडाळलंय आणि वर ह्यांचं नाव घातलंय.

जन्मभर जे होऊ नये म्हणून धडपडले ते मुद्दाम करायला बसले, तर हात माझं ऐकेनात. मान अवघडली. एवढी दमणूक सरळ कामानं कधी झाली नाही. खोकं पाठवलंय, संभाळून उघड. तुला सर्दी झालीय का? शिंकेचं वाचून काळजी वाटली.

आठवण असू दे, आणि गळ्याला मफलर असू दे.

तुझी,
आत्या

१० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. आतोबांचा घडा दर्शनी ठेवलाय, समीक्षकांना तो फार गहन वाटला. तुझे मात्र परत पाठवतोय. संचालिकाबाईंचं म्हणणं, ते कोणीतरी बघणार म्हणून मुद्दाम वाकवल्यासारखे दिसतात.

वाईट वाटून घेऊ नकोस. मी आता ह्यावर व्याख्यानं देतो, त्यामुळे सांगायचा अधिकार आहे असं धरून सांगतो. तुझ्यात सोडून देण्याची तयारी नाही. तू मातीला हुकूम देतेस, मी तिचं ऐकतो. कुंड्या करत राहिल्यानं दृष्टी कुंडीएवढीच राहते. इकडे येऊन चार दिवस माझं काम बघ, मोकळी होशील.

घाईत आहे, बाहेर लोक खोळंबलेत. लोभाची वृद्धी व्हावी.

वाकड्या घराण्याचा,
भिंगऱ्या

३ जून

चि. भिंगऱ्यास,
आशीर्वाद.

पत्र मी लिहितोय, तुझा आतोबा. तुझी आत्या तुला लिहीत नाही, कारण तिला लिहायचं नाही. आणि लिहायचं असतं तरी लिहिता आलं नसतं, हे ती तुला कळू देणार नाही. उजवा अंगठा कामातून गेलाय. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया करा आणि मग हाताला भरपूर विश्रांती. ती म्हणते, आधी रोपवाटिकेच्या कुंड्या होऊ देत. हिवाळ्यापासून दुखतोय. तुझे ते वाकडे घडे करताना ती अंगठ्याला फडकं बांधून बसायची.

तुझं कुंडीएवढ्या दृष्टीचं वाक्य तिनं एकदाच वाचलं आणि पत्र घडी घालून ठेवलं. जेवताना म्हणाली, पोरगं मोठं झालं. कुठल्या अर्थानं म्हणाली ते मी विचारलं नाही.

आपल्या कुंड्यांच्या कारखान्याच्या जागेत गाड्या धुवायचं दुकान काढायचं म्हणून एकजण दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा तिनं त्याला चहा दिला. मला त्या चहाची भीती वाटते.

जे आहे ते कळवलं. तुझ्यावर आमचा जीव आहे, पण सध्या त्याला ठेच लागलीय एवढं ध्यानात घे.

तुझे,
आतोबा

११ जून

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. वि. वि. लिहायची माझी लायकी नाही.

अंगठ्याचं आतोबांनी कळवलं. पत्र खिशात घालून मी दालनात गेलो आणि व्याख्यानात काय बोललो ते आठवत नाही. लोकांना आवडलं म्हणे.

आता माझं ऐक. गेले काही आठवडे माझे घडे सरळ येतायत. दिवसभर तेच तेच करून हाताला काहीतरी झालंय. आधी वाटलं, योगायोग. मग चाकाखाली पाचर मारून पाहिली, डाव्या हातानं केलं, मिरपूड हुंगली. शिंका आल्या, घडे हलले नाहीत. संचालिकाबाईंनी बोलावून विचारलं की घरी काही ताणतणाव आहे का. समीक्षकांनी लिहिलं की वारस बाजारू झाला, त्याच्या भांड्यांमध्ये आता चक्क पाणी राहतं.

काल शेवटची संधी म्हणून सगळ्यांपुढे बसवलं. बसताना घडा वाकवायचा असं ठरवलं होतं, खोटं नाही सांगत. पण कोपरं टेकवली, गोळा मध्यावर आला, आणि तो आला हे मला कळलं. आत्या, हे कळतं हे तू मला कधी सांगितलंच नव्हतंस! चाक फिरत होतं आणि गोळा मात्र जागच्या जागी उभा असल्यासारखा. मग भिंत वर आली, सारखी, बोटांमधून चढत गेली. मी थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. मागून कोणीतरी चुकचुकलं. संचालिकाबाई बाहेर निघून गेल्या. निळ्या नक्षीवाली तेवढी आपलं काम सोडून आली, घड्याच्या कडेकडे वाकून बघितलं आणि मला म्हणाली, हात पुसून घ्या, चहा आणते.

संध्याकाळी मला नारळ मिळाला. माझ्या जागी तिकीटखिडकीवरचा माणूस बसवलाय. तो फार गुणी आहे, त्याचा गोळा चाकावर टिकतच नाही.

एप्रिलमध्ये मी तुला जे लिहिलं ते मूर्खपणाचं होतं. गाड्या धुणाऱ्याला तिसरा चहा देऊ नकोस. मी येऊ का?

तुझा,
भिंगऱ्या

१५ जून

चि. भिंगऱ्यास,

विचारतोस काय? ये. रोपवाटिका थांबलीय. मफलर राहू दे, उकडतंय.

आत्या
(डाव्या हातानं)

९ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शस्त्रक्रिया नीट झाली हे आतोबांकडून कळलं, हुश्श केलं. तू परिचारिकेला पट्टी कशी बांधायची ते शिकवलंस हेही कळलं. तिला माझी सहानुभूती सांग.

इथे घरी सगळं ठीक. पहिल्या भट्टीतल्या काही कुंड्या तडकल्या, घाईनं उघडली म्हणून. दुसरी भट्टी निवू दिली. रोपवाटिकेचा माणूस कुंड्या घेऊन गेला, एकीलाही नाव ठेवलं नाही आणि एकीचं कौतुकही केलं नाही. टाळ्यांची सवय झालेल्या माणसाला हे जरा जड गेलं. गाड्या धुणारा येऊन गेला. मी त्याला कुंडी विकली.

आतोबा उद्या भेटायला येतायत. हात हलवू नकोस. जीभ हलवायला डॉक्टरांची मनाई नसावी.

तुझा,
भिंगऱ्या

११ ऑगस्ट

चि. भिंगऱ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सांगतेय, हे लिहितायत. मधे आपलं घालू नका म्हणून बजावलंय.

पहिली भट्टी घाईनं उघडलीस त्याबद्दल घरी आल्यावर बोलू, तोंडानं. तळ जाड ठेवतोस का? ठेवत असशील. माती वाळली की तिच्यावरचं फडकं ओलं कर. जेवतोस ना वेळेवर?

काल हे येताना पिशवीतून एक कुंडी घेऊन आले आणि माझ्या डाव्या हातात दिली. मी तोलून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं, आत हात घातला. यांना म्हटलं, इतक्या लांब माझीच जुनी कुंडी कशाला आणलीत, दवाखान्यात काय रोप लावायचंय? हे नुसते हसत बसले. मग म्हणाले, भिंगऱ्याची आहे.

तू लगेच हुरळून जाऊ नकोस. मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही हे तुला माहीत आहे.

घराची आणि आमची ओढ वाढतीच असावी, कामाची त्याहून.

तुझी,
आत्या

ता. क. बजावूनही घालतोय. चष्मा डोळ्यांवर होता. — आतोबा