मजिंपिया खोडू नये म्हणून

शारजा,
दि. १४ मार्च १९९९

प्रति,
मा. पासपोर्ट अधिकारी,
पासपोर्ट विभाग, भारतीय वाणिज्य दूतावास, दुबई.

विषय : नव्या पासपोर्टात जन्मस्थान 'मजिंपिया' असेच ठेवण्याबाबत.
संदर्भ : असे गाव असल्याचा पुरावा मागणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार अन्वर हसन परकार, मूळचा रत्नागिरीचा, राहणार रोल्ला, शारजा, विनयपूर्वक कळवतो की,

१) अर्जदाराचे वडील पूर्व आफ्रिकेतील एका नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या नियोजन खात्यात नकाशे काढत. पहिल्या पंचवार्षिक योजनेत धरण, सूतगिरणी आणि मजिंपिया नावाचे शहर होते. वडील पाहणीच्या तंबूत सहकुटुंब राहत. तिथेच अर्जदार व त्याची जुळी बहीण बिलकीस जन्मले. शहर उभे राहणारच, म्हणून वडिलांनी जन्मस्थान बेधडक 'मजिंपिया' लिहून टाकले. योजनेवर त्यांचा फार भाबडा विश्वास होता.

२) पुढे कापसाचा भाव कोसळला, परदेशी कर्ज थांबले, योजना बासनात गेली. त्यातच बिलकीस तापाने गेली. नकाशात जिथे कब्रस्तान आखले होते, तिथेच वडिलांनी तिला दफन केले. योजनेतले तेवढे एकच काम झाले.

३) वडील आता नाहीत. आई हलिमा अर्जदाराजवळ असते. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर ती दाराची कडी काढून ठेवते. बिलकीस चौकातल्या शाळेतून यायची असते. तो चौक, ती शाळा फक्त वडिलांच्या नकाशात होती. अर्जदार याला म्हातारपण समजत असे.

४) पासपोर्ट न मिळाल्यास अर्जदाराची नोकरी, व्हिसा आणि आईचा इथला मुक्काम, सारेच जाते. अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरचे शैलेंद्र म्हणाले, "भाई, रत्नागिरी टाका, खलास." अर्जदाराने तसा फॉर्म भरून खिशात ठेवला. कोणाजवळ बोलला नाही. घरी आला तर दाराला आतून कडी. आई म्हणाली, "बिलकीस आज आली नाय रे. तिला वाट गावली नाय."

५) अर्जदाराने तो फॉर्म फाडला. दुसऱ्या दिवशी कडी पुन्हा निघाली. खरे सांगायचे तर, जिन्यावरच्या चपलांचा आवाज आता अर्जदारालाही येतो. त्याची भीती वाटते. तो थांबेल याची जास्त वाटते.

सबब विनंती की, मजिंपिया खोडू नये. खोडणे भागच असेल, तर आईला काय सांगावे, तेवढे लेखी कळवावे.

आपला नम्र,
अन्वर हसन परकार

सोबत :
१) जुना पासपोर्ट.
२) गावाचा पुरावा : कबर आहे. तिथवरचा रस्ता योजनेत होता, झाला नाही.