पितळेचं गर्भाशय, लुगड्याचं अस्तर

१२ फेब्रुवारी १९७९
या हातांनी घडवलेलं — पितळेचं हृदय, झडपा उघडझाप करणारं. माणसाचा कान, आतल्या शंखासकट. आणि आज — गर्भाशय, दोन्ही अंडाशयांसह! शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं वाचनालयात बसून शिकलो. पुस्तकातलं माप आणि माझं माप, केसाचा फरक नाही.

१५ फेब्रुवारी
मोहाडीच्या दवाखान्यातल्या नर्स ललिताबाई पाहायला आल्या. बायकांच्या वर्गासाठी हे घडवायला त्यांनीच सांगितलं होतं.
"भाऊ, झकास! पन इस्ट्रोजेनचं काम कसं दाखवू? ते अंडाशयातून सुटते, आन् आतलं अस्तर जाड होते. तुमचं अस्तर त हालतच नाही."
मला माहीत नव्हतं थोडंच! पण धातू तो धातू.
बायको, चंद्रकला, चहा घेऊन उभी. "अजी, पितळ वाढन कसं, गळन कसं? गोधडी लावा ना आतून."
दोघी हसल्या. मी नाही.

१९ फेब्रुवारी
चंद्रकलानं जुन्या लाल लुगड्याचे थर शिवले, टिचबटणं लावून. इस्ट्रोजेन वाढलं — थरावर थर. स्त्रीबीज सुटलं की दुसरं हार्मोन ते अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर दोन्ही उतरतात — बटणं काढली, थर बाहेर. पाळी.
टाके एकसारखे नाहीत! पट्टी लावून दाखवलं. तिनं पट्टीच बाजूला सारली.

२६ फेब्रुवारी
मोहाडीचा वर्ग. बायकांचा म्हणून मला दाराबाहेर बसवलं. माझी वस्तू आत, मी बाहेर! ललिताबाईंनी पुढं केलं, म्हणून शिकवत होती चंद्रकला. नुसता हशा.
कुणी मालनबाई म्हणाली, "आता समजलं! दर महिन्याले पोटात कोन शिवते आन् कोन उसवते!"
मग चंद्रकलाचा आवाज. "आन् माह्या वयात इस्ट्रोजेनच कमी होते. शिवणं थांबते. अंगातून वाफा निंगतात, झोप उडते. मले वर्षापासून होऊन राहिलं."
वर्षापासून! शेजारी झोपणाऱ्याला पत्ता नाही, आणि मोहाडीच्या परक्या बायकांना सगळं सांगून मोकळी!
पितळेबद्दल एकीनं अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांचं लक्ष त्या चिंध्यांवर. जळफळाट झाला — लिहितोच.

२७ फेब्रुवारी
विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?"
"तुमी पुस्तक काढून बसले असते."

३ मार्च
पहाटे ती घामानं ओली, उठून बसलेली. पुस्तक काढलं नाही. पंख्यानं वारा घातला.

९ मार्च
मोठ्या दवाखान्याचे भोजराज डॉक्टर घरी आले. "काय काम आहे हो! आमच्या दवाखान्याच्या प्रदर्शनात कायमचं ठेवू. फक्त ती गोधडी काढा, आत पितळच बसवा. पाटीवर तुमचं एकट्याचं नाव."
नाही म्हटलं. आठशे रुपये देत होते.