बोर्डावरचं तित्तर

बारवी धरण,
११ फेब्रुवारी २०२५

चि. हरेश,

आशीर्वाद. तेजस्वी बरी ना? शिरगावच्या नव्या घरात पाणी नीट येतं ना? आमच्याकडे धरण दारात नि नळ कोरडा, ते तुला माहीतच आहे. फोन उचलत नाहीस, म्हणून मिलिंदच्या रिक्षातून चिठ्ठी धाडते.

तुझ्या दाजींना फॉरेस्टवाल्यांनी नेलंय.

कारण काय, तर बोर्ड. ढाब्यावर 'गिनी कोंबडी' लिहिलं होतं तोवर कुत्रं फिरकत नव्हतं. उल्हासनगरची गिऱ्हाइकं गाडीतूनच विचारायची, "तित्तर है क्या?" मग दाजींनी रंगवलं, 'जंगली तित्तर मिळेल'. जंगली म्हटलं की गाडी थांबते, म्हणाले. अक्कल गहाण ठेवली माणसाने. तित्तर मारणं गुन्हा आहे, हे डोक्यातच आलं नाही.

मी गार्डला म्हटलं, साहेब, ही आफ्रिकेची पाखरं, आम्ही घरच्या कोंबडीखाली उबवली. तो म्हणाला, दाखव. काय दाखवू? जीप बघून सगळी केकाटत उडाली, सागावर चढली, तिथून रानात. तूच सांगायचास ना, तिकडे आफ्रिकेत ती रानातच असतात, दिवसभर जमिनीवर टिपतात नि झोपायला झाडावर जातात. आपण पाळली म्हणून काय ती विसरतात? फ्रिजमध्ये सोलून तुकडे केलेलं मांस तेवढं सापडलं. ते तपासणीला गेलंय. रिपोर्ट येईपर्यंत दाजी कोठडीत. त्यांना शुगर आहे. परवा भेटायला गेले तर मला ओळखायलाच वेळ लागला त्यांना. मला भीती वाटते रे.

अंडी तू आणलीस. ती विकणारा उल्हासनगर कॅम्प तीनचा पिंजरेवाला तुझ्याच ओळखीचा. उद्या त्याला घेऊन फॉरेस्ट ऑफिसात जा, अंडी गिनीची होती म्हणून सांगा, एवढंच मागते.

आणि ऐक. गार्ड बोलता बोलता बोलून गेला. फॉरेस्टला खबर देणारा फोनवर म्हणाला म्हणे, "आमच्या ताईच्या ढाब्यावर तित्तर कापतात." मला ताई म्हणणारा एकच आहे, हरेश. बाकीच्यांची मी वहिनी नाहीतर काकी.

ते तित्तर नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? जमिनीच्या हक्कसोडवर मी सही केली नाही, तो राग माझ्यावर काढायचा होतास. दाजींनी तुझं काय घोडं मारलं होतं?

त्यांना मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. सही देते, जमीन घे. उद्या ऑफिसात नाही गेलास तरी देईन. फक्त मग ताई म्हणून हाक मारू नकोस, मी ओ देणार नाही.

उद्यापर्यंत तुझी,
ताई